फोनने मधला माणूस हटवला, त्याची जागा आता घराने घ्यावी

‘मोबाईल : शाप की वरदान?’ हा निबंध शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिहून घेतला जातो. आधी तो विज्ञानावर असायचा, मग टीव्हीवर आला, आता मोबाईलवर आहे. मुलं पहिल्या पानावर फायदे लिहितात, दुसऱ्या पानावर तोटे लिहितात आणि शेवटी ‘सर्व काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहून वही मिटतात. गुणही मिळतात. पण हे उत्तर घरी काही कामाचं नाही. कारण ज्या चाचांच्या खात्यातून आयुष्यभराची कमाई गेली ते काही फोनचा वाईट वापर करत नव्हते. त्यांनी फक्त आलेला फोन उचलला होता.

म्हणून फायदे-तोट्यांची यादी बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारू या. फोनने नेमकं काय बदललं? माझ्या मते त्याने मधला माणूस हटवला. बँकेच्या खिडकीमागचा क्लार्क, अर्ज तपासणारा बाबू, पत्र वाचून दाखवणारा शेजारी, बातमी छापण्याआधी दोनदा विचारणारा संपादक, हे सगळे आपल्या आणि कामाच्या मध्ये उभे असायचे. आता बोट लावलं की काम होतं. फोनचा फायदा इथूनच येतो आणि धोकाही इथूनच येतो. ही गोष्ट नीट समजली तर नवी मुंबईतल्या आपल्या घरांनी काय करायला हवं तेही कळेल.

हटवला ते बरंच झालं

आधी फायद्याचं बोलू, कारण आपल्या बयानांमध्ये आणि पालकसभांमध्ये फायद्याचं कमी बोललं जातं.

कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं नवी मुंबईत राहतात. रत्नागिरी-रायगडमधून आधी मुंबई, मग वाशी, नेरूळ, पनवेल, तळोजा. आणि घरातला एक जण दुबईला किंवा कुवेतला. आपल्या आई-खालांना विचारा, पूर्वी आखातातून पत्र यायचं तेव्हा ते वाचायला कोणाकडे जावं लागायचं. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र दीर किंवा शेजारचा शिकलेला मुलगा मोठ्याने वाचायचा. उत्तरही त्यालाच सांगून लिहून घ्यायचं. मनातलं अर्धं मनातच राहायचं. आज ती बाई स्वयंपाकघरात फोन टेकवून थेट बोलते. दुबईत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही म्हणून बोटिम वापरायचं, हे पन्नाशीच्या बायकांनाही माहीत आहे. मधला माणूस गेला आणि तिला तिचं खाजगी बोलणं मिळालं. ही छोटी गोष्ट नाही.

दुसरं उदाहरण पैशाचं. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आणली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये, आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट. या योजनेच्या राजकारणावर ज्याचं जे मत असेल ते असो. पण तुर्भ्याच्या झोपडपट्टीतल्या बाईला हे पैसे घेण्यासाठी कुठल्या दलालाला कट द्यावा लागत नाही आणि खातं तिच्या स्वतःच्या नावावर असतं. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. आज एपीएमसी मार्केटच्या बाहेर कोथिंबीर विकणाऱ्याकडेही क्यूआर कोड आहे. सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी संपली.

तिसरं उदाहरण शाळेतलं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने सुरू झाले. पूर्वी फक्त मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ही पद्धत होती. यादी सर्वांसमोर असते, कट-ऑफ दिसतो. ‘आमच्या ओळखीने करून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा बराच मंदावला. ज्यांची कुठेच ओळख नसते त्यांच्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि आपल्या समाजात अशी घरं जास्त आहेत.

पण तोच माणूस अडवतही होता

आता दुसरी बाजू. मधला माणूस कधी पैसे खायचा, कधी उगाच हेलपाटे घालायला लावायचा. पण तो कधी कधी आपल्याला वाचवायचाही. सत्तर वर्षांचे चाचा बँकेत येऊन ‘माझी एफडी मोडा, सगळे पैसे या अनोळखी खात्यावर पाठवा’ म्हणाले असते, तर खिडकीमागचा माणूस म्हणाला असता, ‘चाचा, जरा बसा. पाणी घ्या. हे कोणाला पाठवताय? घरी विचारलंत का?’ एवढ्या दोन वाक्यांनी चाचा वाचले असते. ॲप हे विचारत नाही. ॲप पिन विचारतं आणि पैसे पाठवतं.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची ठगी नेमकी या रिकाम्या जागेत शिरते. फोन येतो. समोरचा सांगतो की मी पोलीस, सीबीआय किंवा कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचं खातं आहे. मग व्हिडिओ कॉल, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, खोटा वॉरंट. ‘कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही’ असा हुकूम. नीट बघा, त्यांचा पहिला हुकूम हाच असतो की कोणाला सांगू नका. कारण मध्ये एक माणूस आला की त्यांचा खेळ संपतो हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट अशी कोणतीही गोष्ट नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा ‘चौकशीसाठी’ पैसे ट्रान्सफर करायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही यावर बोलावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. हरयाणातल्या अंबाला इथल्या एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटलं गेलं होतं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला.

इथे आपल्या समाजाने एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. ‘तुमचं नाव देशविरोधी प्रकरणात आलंय’ ही धमकी आपल्या घरात जास्त खोलवर लागते. कारण निर्दोष मुलं वर्षानुवर्षं तुरुंगात राहून सुटल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. म्हणून फोनवरचा माणूस ‘दहशतवाद’ हा शब्द उच्चारतो तेव्हा अब्बांचे हात थरथरतात आणि ते कोणाला न सांगता पैसे भरून मोकळे होतात. ठगाला ही भीती ठाऊक असते. म्हणून घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा : असा फोन आला तर लाज वाटू देऊ नका, घाबरू नका, फोन ठेवा आणि सगळ्यात आधी आम्हाला हाक मारा. खरोखर पोलिसांना काही विचारायचं असेल तर ते लेखी नोटीस देतील, आणि मग आपण वकील घेऊन जाऊ.

आणि पैसे गेलेच तर? लगेच १९३० या नंबरवर फोन करा. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर तक्रार, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ‘आधी घरच्यांशी बोलू, उद्या बघू’ यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय तर आपल्याच महापेला आहे. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. आणि एक नियम मुलांनाही पाठ करून द्या : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.

बातमीच्या मधला माणूस

पैसे निदान परत कमावता येतात. बातमीच्या बाबतीत मधला माणूस गेला तर जीव जातो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्या भागात व्हॉट्सॲपवर पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी लोकांना दिसले. जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता. मूळ जाहिरातीत शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश देतात. तो शेवटचा भाग कोणीतरी कापला आणि जाहिरातीची ‘बातमी’ झाली.

त्याच रात्री मालेगावातही मुलं पळवणारे समजून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. पण तिथे काही स्थानिक लोक मध्ये पडले. त्यांनी त्या कुटुंबाला घरात नेऊन ठेवलं, बाहेर जमाव वाढत गेला तरी दार उघडलं नाही, आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. अफवा दोन्हीकडे पोचली होती, फोन दोन्हीकडे होते, दिवसही तोच होता. मालेगावात जमावाच्या आणि त्या कुटुंबाच्या मध्ये कोणीतरी उभं राहिलं, म्हणून ते कुटुंब वाचलं.

याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली आणि ‘फॉरवर्डेड’ची खूण सुरू केली. आज एखाद्या मेसेजवर दोन बाण दिसतात. याचा अर्थ तो कितीतरी हातांतून फिरून आलाय आणि पाठवणाऱ्याला तो कुठून सुरू झाला हे माहीत नाही. इतकं तरी घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं.

अफवेचा मार आपण स्वतः खाल्ला आहे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलीगी जमातीच्या नावाने कसकसले व्हिडिओ फिरले ते आठवा. जुने, दुसऱ्या देशांतले, दुसऱ्याच प्रसंगाचे. त्यावर विश्वास ठेवून लोकांनी आपल्या फळवाल्यांना आणि भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं नाही. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. पण न्यायालयाचा निकाल किती ग्रुपवर फिरला? अफवा मिळाली तेवढ्या फोनांपैकी किती फोनांना निकाल मिळाला?

ज्याने हे सोसलंय त्याने दुसऱ्याबद्दलची अफवा पुढे पाठवताना सगळ्यात आधी थांबायला हवं. पण आपल्याच ग्रुपवर काय चालतं? ‘अमुक बिस्किटात हराम घटक’, ‘तमुक लसीने मुलं होत नाहीत’, ‘आज रात्री अमुक भागात दंगल होणार, सगळीकडे पाठवा’. पाठवणारा मनाने चांगला असतो, ‘सावध करणं सवाबचं काम आहे’ असं त्याला वाटतं. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तहकीक करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत एखाद्या कौमचं नुकसान कराल आणि पस्तावाल अशी ताकीदही आहे. ही शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि बाहेर पडताना मेसेज फॉरवर्ड करतो. चौदाशे वर्षांपूर्वी जी जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकली होती, संपादक गेल्यावर ती पुन्हा ऐकणाऱ्यावरच आली आहे.

यंत्राला ‘मोहम्मद’ कळत नाही

मधला माणूस गेल्याने होणारा आणखी एक त्रास फक्त आपल्याच लोकांना नीट समजेल. तो म्हणजे नावांचा.

जन्मदाखल्यावर ‘मो. इरफान’, शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद इरफान’, आधारवर ‘मुहम्मद इरफान’, बँकेत नुसतं ‘इरफान शेख’. आईचं नाव एका ठिकाणी ‘बी’ लावून, दुसऱ्या ठिकाणी ‘बानो’ लावून, तिसरीकडे काहीच नाही. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाता जाता एकाच माणसाची चार नावं होतात. पूर्वीचा क्लार्क कुरकुर करायचा, पण बघून समजायचा की हा एकच मुलगा आहे. प्रतिज्ञापत्र मागायचा आणि काम करायचा. संगणक फक्त ‘जुळत नाही’ असं सांगतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो, ई-केवायसी अडते, पासपोर्ट अडतो. गवंडीकाम करणाऱ्या अब्बांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन म्हणतं ‘पुन्हा प्रयत्न करा’.

म्हणून उन्हाळी सुट्टीत एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचे जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग जुळवा. तफावत असेल तर दहावीच्या आधी दुरुस्त करा, कारण बोर्डाच्या मार्कशीटवर चुकीचं नाव छापलं गेलं की दुरुस्तीसाठी बराच खटाटोप करावा लागतो. डिजिलॉकरमध्ये कागद ठेवा, ते सोयीचं आहे. पण मूळ कागद आणि दोन झेरॉक्स घरातही ठेवा.

कागदाचं महत्त्व जुनाट वाटत असेल तर आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदराची गोष्ट आठवा. जून २०१७ च्या शेवटी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-हल्ला जगभर झाला. मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि तिच्याच समूहाकडून चालवलं जाणारं जेएनपीटीमधलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, हाताने काम चालवण्याची धडपड करावी लागली. नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर होईल असं मर्स्कने स्वतः जाहीर केलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जर हाताने काम करणारी माणसं लागतात, तर आपल्या घरालाही कागदांची एक फाइल आणि दोन-चार फोन नंबर लिहिलेली डायरी लागेलच.

अकरावीचं पण तसंच. २०२५ मध्ये २१ मेला सुरू होणारी नोंदणी तांत्रिक अडचणीमुळे २६ मेवर गेली, आणि त्या दिवसांत कित्येक पालक हवालदिल झाले. पुढची अडचण अशी की दहा पसंतीक्रम भरायचे असतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. सायबर कॅफेवाला दहा मिनिटांत फॉर्म भरून देतो. तो ‘बेटा, हे कॉलेज घरापासून दीड तास आहे, तुला झेपेल का?’ असं विचारत नाही. त्याचं ते कामही नाही. ते काम शिक्षकाचं आणि आई-वडिलांचं आहे.

अजानचा नवा मार्ग

तंत्रज्ञानाला घाबरून दूर राहायचं की डोळे मिटून घ्यायचं, यापेक्षा वेगळा रस्ता असू शकतो याचं एक चांगलं उदाहरण मुंबईतल्या मशिदींनी घालून दिलं आहे.

२३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचं सांगत आवाजाचे नियम कडकपणे पाळायला पोलिसांना सांगितलं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंदच, म्हणजे फजरची अजान बहुतेक दिवस बाहेर ऐकू येणार नाही. कारवाई फक्त मशिदींवरच का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. पण दरम्यान माहीमच्या जुम्मा मशिदीसह काही मशिदींनी एका मोबाईल ॲपवर नोंदणी केली. तामिळनाडूतल्या कंपनीचं हे ॲप मशिदीतली अजान त्याच क्षणी आपल्या फोनवर ऐकवतं.

इतिहास बघा. लाउडस्पीकर स्वतः एकेकाळी नवी वस्तू होता आणि नमाजमध्ये तो चालेल का यावर उलेमांत बरीच चर्चा झाली होती. त्याआधी मोठ्या मशिदीत मुकब्बिर असायचा, जो इमामाची तकबीर मोठ्याने म्हणून मागच्या सफांपर्यंत पोचवायचा. म्हणजे तिथेही मधला माणूसच होता. लाउडस्पीकरने बऱ्याच मशिदींत त्याची जागा घेतली.

नव्या ॲपचा फायदा स्पष्ट आहे. खारघर-उलव्याच्या तेविसाव्या मजल्यावर, जिथे कुठल्याच मशिदीचा आवाज पोचत नाही, तिथल्या बाईलाही आपल्या मोहल्ल्याची अजान ऐकता येते. तोटाही आहे. ज्या दादीकडे स्मार्टफोन नाही, जी गेली पन्नास वर्षं अजानवर घड्याळ लावत आली, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. तिच्यासाठी ज्याच्या हातात फोन आहे त्या नातवाने उठून ‘दादी, असरचा वक्त झाला’ म्हणायला हवं. या ॲपमध्ये मला आवडणारी गोष्ट ही की त्याने मुअज्जिनला हटवलं नाही. माणूस तोच, गळा तोच, फक्त मार्ग बदलला. तंत्रज्ञान निवडताना हाच निकष लावावा असं मला वाटतं.

मुलींचा फोन काढून घेऊन काय मिळालं

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावाने इंटरनेटवर मुस्लिम स्त्रियांच्या फोटोंचा खोटा ‘लिलाव’ मांडला गेला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा बोलणाऱ्या स्त्रिया निवडून त्यांना लक्ष्य केलं होतं. बुल्ली बाईच्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच आरोपींना पकडलं, कारण त्या स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, त्यांनी तक्रारी केल्या.

पण आपल्या कित्येक घरांत त्या बातमीचा परिणाम उलटा झाला. मुलीचा फोन काढून घेतला, तिचा फोटो डीपीवरून हटवला, कुठे कुठे तर शिकवणीही बंद केली. गुन्हा दुसऱ्याने केला आणि शिक्षा मुलीला. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात एक गोष्ट पक्की दिसली आहे : ज्या मुलीला ‘काही झालं तर घरी सांगितल्यावर फोन जाईल’ अशी भीती असते, ती त्रास देणाऱ्याबद्दल घरी कधीच सांगत नाही. मग ब्लॅकमेल करणाऱ्याचं फावतं. त्याला तेच हवं असतं, मध्ये कोणी नको असतं.

लहान मुलांबाबत सरकारंही आता हालचाल करत आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद केलं. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. कायदे येऊ द्या. पण रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली कोण काय बघतंय ते दिल्लीला दिसणार नाही.

घराने काय करावं

शेवटी कामाचं बोलू. खाली दिलेल्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त घरात एकदा बसून ठरवावं लागतं.

पहिली, रकमेची मर्यादा. ५,००० किंवा तुमच्या घराला योग्य वाटेल त्या रकमेपेक्षा जास्त पैसे अनोळखी ठिकाणी पाठवायचे असतील तर घरातल्या दुसऱ्या एकाला सांगूनच पाठवायचे. हा नियम अब्बांनाही लागू आणि कमावत्या मुलालाही. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवता येते, ती करा. एमआधार ॲपमधून आधारचे बायोमेट्रिक लॉक करा.

दुसरी, घरचा परवलीचा शब्द. आता यंत्राने कोणाचाही आवाज बनवता येतो. ‘अम्मी, माझा अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ असा हुबेहूब मुलाच्या आवाजात फोन येऊ शकतो. घरातल्यांनाच माहीत असेल असा एक शब्द ठरवा, आणि तो विचारल्याशिवाय काही करू नका.

तिसरी, फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न. कुठून आलं? कधीचं आहे? खोटं निघालं तर कोणाचं नुकसान? एकाचंही उत्तर येत नसेल तर तिथेच थांबवा. मोहल्ल्याच्या ग्रुपचा ॲडमिन असाल तर तुम्ही संपादक आहात असं समजा.

चौथी, रात्री सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला. सगळ्यांचे, म्हणजे वडिलांचासुद्धा. ज्या घरात वडील दस्तरखानावर बसून रील बघतात त्या घरात मुलांना केलेली नसीहत वाया जाते.

पाचवी, मशिदीत किंवा शाळेत महिन्यातून एक रविवार मदतीचा. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापेच्या आयटी कंपन्यांत आणि डेटा सेंटरांत आपली शिकलेली मुलं काम करतात. त्यांनी दोन तास बसावं. कोणाचा फॉर्म भरायचा, कोणाचं नाव दुरुस्त करायचं, कोणाला खोटी वेबसाइट कशी ओळखायची ते शिकायचं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी बनावट वेबसाइटपासून सावध राहण्याच्या सूचना वाचल्या असतील. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, एवढं जरी मोहल्ल्यातल्या बायकांना कोणी समजावलं तरी बरंच काम होईल.

जुना बाबू परत येणार नाही आणि तो यावा असं मला वाटतही नाही. त्याच्या लाचेशिवाय आपलं चांगलं चाललंय. पण ‘चाचा, जरा बसा, घरी विचारलंत का?’ हे वाक्य आता बँकेत कोणी म्हणणार नाही. ते मुलाने, सुनेने, शेजाऱ्याने, शिक्षकाने म्हणायचं आहे. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ दहा मिनिटं बसा आणि १९३० हा नंबर त्यांच्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहून द्या.